डोंगरवाटेचा वाटाड्या

पावसाळा ओसरला कीं कोलशेत, ढोकाळी, बाळकूम या बाजूच्या घरांतून शनिवारीं पहांटेसच तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून बाहेर पडतात. कोणी आसनगांवास उतरून माहुलीवर जातात, कोणी मलंगगडावर, तर कोणी जीप काढून माळशेजपलीकडच्या कच्च्या वाटा धुंडाळतात. वडील मंडळींची तक्रार पूर्वीं ‘कशाला जातां?’ अशी असे. आतां ती ‘जातांना जवळ काय घेतां?’ अशी झाली आहे, आणि हा पालट आम्हांस स्तुत्य वाटतो. खिशांतील फोनावर भागवावें, कीं हातांत धरावयाचें स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यावें, कीं मनगटावरचें घड्याळ घ्यावें, हा प्रश्न पुष्कळ घरांत दिवाळीच्या खरेदीबरोबर निघतो. रक्कम लहान नसते, आणि प्रसंगीं तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो; तेव्हां दुकानीं जाण्यापूर्वीं थोडा विचार केलेला बरा.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. पुष्कळांची समजूत अशी कीं फोनास रेंज नसली म्हणजे आपली जागाही कळत नाहीं. वस्तुस्थिति निराळी आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसांतून दोनदां पृथ्वीप्रदक्षिणा करतात आणि अखंड वेळ सांगत असतात. आपलें यंत्र तें केवळ ऐकतें, उलट कांहींही पाठवीत नाहीं. निदान चार उपग्रह ऐकूं आले, म्हणजे प्रत्येकाचा संकेत पोंचावयास किती वेळ लागला यावरून आपली जागा गणितानें निघते. नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत अमेरिकेनें मुद्दाम घातलेली अशुद्धता २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकली. आज मोकळ्या आभाळाखालीं साधा फोनही पांच मीटरांच्या आसपास जागा दाखवितो. रेंज लागते ती नकाशा उतरवून घेण्यास. म्हणून नकाशा घरींच उतरवून घ्यावा आणि डोंगरांत फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. त्यायोगें बॅटरीही वांचते, कारण दऱ्याखोऱ्यांत रेंज शोधण्यांतच ती पुष्कळ खर्ची पडते.

मात्र रेंजचा एक छुपा उपकार असतो. कोणता उपग्रह कोठें असेल याचें एक पंचांगच यंत्रास लागतें. तें सबंध आकाशांतून मिळावयास साडेबारा मिनिटें लागतात. शहरांत फोन तसली माहिती जाळ्यावरून क्षणांत आणतो. यासाठीं पायथ्याच्या गांवींच, रेंज असतांना, यंत्र सुरू करून जागा लागूं द्यावी. दाट रानांत वाट चुकल्यावर तें प्रथम उघडणें हें तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे.

यंत्राची परीक्षा घेण्यास आमच्या कोलशेतचा एक अनपेक्षित उपयोग आहे. येथें आतां उंच उंच इमारती उठल्या आहेत, आणि दोन इमारतींमधली गल्ली उपग्रहांच्या दृष्टीनें डोंगरांतील घळीसारखीच असते. आभाळाची चिंचोळी पट्टी तेवढी दिसते, संकेत भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतो, उशीर झाल्यामुळें अंतर चुकतें आणि जागा भलतीकडेच पडते. विकत घेण्यापूर्वीं कोणा स्नेह्याचें यंत्र मागून आणावें, मार्ग नोंदण्याची सोय चालू करून अशा गल्लींतून एक फेरी मारावी व दुसरी खाडीकडील मोकळ्या बाजूस मारावी. पहिली रेघ भिंतींतून आरपार जात असेल, तर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेंत काय होईल हें घरबसल्या कळलें! दोन निरनिराळ्या लहरींवर, म्हणजे एल-वन व एल-फाइव्ह या दोहोंवर, ऐकणारीं यंत्रें या परीक्षेंत सहसा अधिक टिकतात. जास्त पैसे द्यावयाचेच असतील तर ते यासाठीं द्यावेत.

परंतु खरा घात जागा चुकल्यानें क्वचितच होतो. २०२१च्या जानेवारींत पुण्याहून कळसूबाईस निघालेली एक मोटार रात्रीं अकोले तालुक्यांत पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्यांत शिरली. फोनांतील नकाशानें ती वाट दाखविली होती. त्या वाटेवरचा पूल धरण भरलें कीं पाण्याखालीं जातो, हें गांवकऱ्यांस ठाऊक होतें, नकाशास नव्हतें. दोघे पोहून वांचले. गाडी चालविणारा बुडाला. २०२५च्या जुलैंत बेलापूरजवळ एका बाईंची मोटार पुलावर चढण्याऐवजीं पुलाखालच्या रस्त्यानें जाऊन खाडींत पडली. सागरी पोलिसांनीं त्यांस वांचविलें. उपग्रहांनीं या दोघांस फसविलें असें म्हणतां येत नाहीं. अपुरा होता तो नकाशा. यास्तव दुकानदारास यंत्राच्या अचूकतेविषयीं विचारण्याआधीं त्यांत नकाशा कोणाचा आहे, हें विचारावें.

पायवाटा दाखविणारीं बहुतेक मोफत ॲपें ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. २००४ सालीं सुरू झालेला हा नकाशा जगभरच्या हौशी लोकांनीं काढला आहे. सह्याद्रींतील लोकप्रिय गडांच्या वाटा त्यांत चांगल्या सांपडतात. पण आडवाटेवर एखादी ढोरवाटही राजमार्गाच्या ऐटींत काढलेली असते, आणि ती कारवींत जाऊन संपते. उंचीच्या रेघांचेंही तसेंच. त्या पुष्कळदां २००० सालीं अवकाशयानांतून रडारनें केलेल्या मोजणीवरून घेतलेल्या असतात, आणि त्या मोजणींत सुमारें तीस मीटरांच्या चौकटीस एकच उंची असते. कोंकणकड्यासारखा तुटलेला कडा अशा नकाशांत नुसता तीव्र उतार भासतो. तेथें धुक्यांत रेघेवर भरंवसा ठेवून पांच मीटर पुढें सरणें म्हणजे काय, तें निराळें सांगावयास नको. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा २०१७ पासून संकेतस्थळावर मिळतो. तो छापून पिशवींत ठेवावा. कागदास बॅटरी लागत नाहीं.

आतां निवडीचें. एका दिवसाच्या सहलीस फोन, उतरविलेला नकाशा व पॉवर बँक एवढें पुरे, असें आमचें मत आहे. मात्र नकाशा निदान दोघांच्या फोनांत असावा. पावसांत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ओल्या बोटांस फोनाची कांच दाद देत नाहीं, आणि आमच्याकडील निम्म्या सहली पावसांतच होतात. बटणांचें स्वतंत्र यंत्र अशा वेळीं उपयोगीं पडतें. त्याच्या साध्या जाती दोन पेन्सिल सेलांवर वीस-पंचवीस तास चालतात, आणि तसले सेल खेड्यांतील वाण्याकडेही मिळतात. घड्याळ ही हौसेची वस्तु होय. किती चाललों, किती चढलों हें तें उत्तम सांगतें, पण त्या बोटभर पडद्यावर दोन फाट्यांतील योग्य फांटा निवडणें कठीण. जीपवाल्यांनीं नवें कांहीं न घेतां घरांतला जुना टॅबलेट नकाशा भरून पुढें बसवावा. पडदा मोठा, खर्च नाहीं. नकाशांत गाडीवाट दिसली म्हणून ती खुली आहे असें मात्र समजूं नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हें अभयारण्य आहे, आणि तेथें वनखात्याचें ऐकावें लागतें.

खोक्यावर ‘नाविक’ असें छापलेलें पाहून देशाभिमानापोटीं अधिक पैसे देण्याचा मोह होतो. नाविक ही आपली स्वतःची योजना खरी. परंतु तिच्या आरंभीच्या कित्येक उपग्रहांतील आण्विक घड्याळें बिघडलीं, आणि २०२५च्या जानेवारींत सोडलेला नवा उपग्रह ठरल्या कक्षेंत पोंचला नाहीं. आज तरी नाविक असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाहीं.

परदेशीं असलेल्या चिरंजीवांकडून यंत्र मागविणाऱ्या घरांस एक इशारा आवश्यक आहे. उपग्रहामार्फत निरोप पाठविणारीं यंत्रें तिकडे सर्रास मिळतात. तीं केवळ ऐकत नाहींत, बोलतातही. आणि आपल्याकडे सरकारी परवानगीवांचून तीं बाळगणें हा गुन्हा आहे. २०२४च्या डिसेंबरांत गोव्याच्या विमानतळावर असें यंत्र सांपडल्यानें एका परदेशी बाईंस पोलिसांनीं ताब्यांत घेतलें होतें. मायेनें पाठविलेली भेट मुलास चौकींत बसवील, याची आजी-आजोबांस कल्पनाही नसते.

घरीं राहणाऱ्यांचेंही एक काम आहे. जाणाराकडून ठरलेल्या वाटेची प्रत घ्यावी, परतण्याची वेळ वहींत टिपावी, आणि फोनावर आंकडे सांगतां-ऐकतां कसे येतात याची एकदां तालीम करावी. यंत्र अक्षांश ‘१९.२५’ असा दाखवितें. घाबरलेला मुलगा तो ‘एकोणीस, पंचवीस’ असा सांगतो, घरांतला कोणी ‘१९ अंश २५ मिनिटें’ असा लिहून घेतो, आणि ११२ क्रमांकावर तोच कळवितो. दशांशांतील १९.२५ म्हणजे १९ अंश १५ मिनिटें होत. फरक १० मिनिटांचा, म्हणजे जमिनीवर सुमारें साडेअठरा किलोमीटर. शोधणारी माणसें तितकीं उत्तरेस जाऊन रानांत हांका मारीत राहतील. सांगतांना ‘दशांश’ हा शब्द उच्चारावा, आणि लिहिणारानें आंकडे उलट वाचून दाखवावेत.