अनुकरणाची माती

उगम सापडला की शोध संपला, असे मानण्याची प्रवृत्ती तौलनिक साहित्याभ्यासात अद्याप आढळते. अठराव्या शतकातील इंग्रजी पोर्सेलिनचा इतिहास या समजुतीस छेद देणारा आहे.

पूर्व लंडनजवळील बो येथील कारखान्यात १७५०च्या दशकात पांढऱ्या पेल्यांवर व बश्यांवर प्लमच्या फुलांच्या उठावदार डहाळ्या बसविल्या जात. डहाळी साच्यात दाबून काढावयाची, पातळ कालविलेल्या मातीने भांड्यास चिकटवावयाची आणि वर झिलई चढवावयाची, अशी ही रीत. नमुना चीनच्या फुजियान प्रांतातील देहुआ येथील शुभ्र भांड्यांचा होता. हे ऋण कारखान्याने लपविले नाही; त्याच्या काही दौतींवर 'न्यू कँटन येथे बनविले, १७५०' असा लेखच आहे.

मग ही निव्वळ नक्कल मानावी काय? डहाळी चिनी होती. तिच्याखालची माती मात्र चिनी नव्हती. बोच्या मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख असे. हाच घटक पुढे १७९०च्या दशकात स्टोक येथे जोसाया स्पोडने रूढ केलेल्या 'बोन चायना'चा आधार ठरला. नाव चीनचे राहिले, पदार्थ इंग्लंडचा झाला.

भारतीय भाषांतील आरंभीची कितीतरी नाटके व कादंबऱ्या 'रूपांतरित' या एका शब्दात निकालात काढल्या जातात. तेथे समीक्षकाची दृष्टी डहाळीवरच थांबलेली असते. घेणाऱ्या भाषेने आपल्या जवळचे काय मिसळले, हा प्रश्न विचारल्यावाचून या ग्रंथांचे मूल्यमापन पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.