दोष मोबाइलचा की अक्षरांचा?

‘‘डॉक्टर, याचं मोबाइलचं वेड तेवढं सोडवा.’’ लालबागहून आलेली आई सातवीतल्या मुलाला घेऊन बसली होती. अभ्यासाला बसला की पाच मिनिटांत उठतो, रील्स मात्र तासन्‌तास बघतो, ही तक्रार. मी त्याला पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचायला दिला. प्रत्येक जोडाक्षराशी तो अडखळला. मग तोच मजकूर मी वाचून दाखवला. प्रश्नांची उत्तरे त्याने पटापट दिली. डोळे, कान आणि मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्या झाल्यावर निदान झाले : अध्ययन अक्षमता. हे साधारण तिसरीत कळू शकते. मधली चार वर्षे खापर मोबाइलवर फुटत राहिले.

मोबाइलची काळजी रास्तच आहे. ‘युनेस्को’च्या २०२३च्या अहवालाने वर्गात त्यामुळे लक्ष विचलित होते, असे बजावले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. दर काही सेकंदांनी नवे दृश्य बघण्याची सवय लागली, की पुस्तकाचे पान संथ वाटू लागते.

पण या मुलाची गोष्ट वेगळी. त्याचे सारे लक्ष अक्षरे जुळवण्यातच खर्ची पडते. अर्थासाठी काही उरत नाही. फोनने मजकूर वाचून दाखवला, की तो भार हलका होतो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने अशा विद्यार्थ्यांना पुस्तके खुली केली आहेत. वाचन अडणाऱ्या मुलालाही हाच आधार हवा.

अशा मुलांना महाराष्ट्राने १९९६मध्येच परीक्षेत सवलती दिल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. पण जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो तो परीक्षेपुरता. वर्षभर शिकायचे कसे? म्हणूनच शाळांनी मोबाइलबंदीचा नियम करताना या मुलांच्या साधनांना त्यातून वगळले पाहिजे.

पालकांनी इतकेच करावे : मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावा, मग दुसरा आपण वाचून दाखवावा. समजण्यात मोठा फरक दिसला, तर रागावण्याआधी तपासणी करून घ्यावी.

त्या आईने फोनमधून रील्सचे अ‍ॅप काढले. फोन मात्र काढून घेतला नाही. इतिहासाचा धडा आता तो कानांनी वाचतो.