खोड की दोष?

नवी वस्तू घरात यावी आणि आनंदाऐवजी झोप उडावी, हा अनुभव मी गेल्या श्रावणात घेतला. आईने बचतगटातून कर्ज काढले, दादांनी सोयाबीनच्या पट्टीतले पैसे घातले आणि आमच्या घरात पहिला लॅपटॉप आला. आईने त्यावर हळदकुंकू वाहिले. त्याच रात्री काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात मला एक हिरवा ठिपका दिसला.

मग खोट शोधण्याचा नादच लागला. साठा ५१२ जीबी सांगितला होता, यंत्र ४७६ दाखवीत होते. पंखा मध्येच घुरघुरत होता. झाकणाची एक बिजागरी किंचित सैल वाटत होती. बारा दिवस मी यंत्रावर काम केले नाही, यंत्राची राखण केली. समाजशास्त्राचा निबंध तसाच राहिला.

मित्र हसले. "एवढ्याशा ठिपक्याचे काय घेऊन बसलास?" ज्यांना दुसरा घेणे शक्य आहे त्यांनी जरूर हसावे. आमच्यासारख्यांची चिंता यंत्राची नसतेच. आपल्या अज्ञानाचा फायदा घेऊन कोणी आईबापांच्या घामाचे पैसे लुबाडले तर नाहीत, ही ती चिंता असते. तिला क्षुद्र म्हणणे मला मान्य नाही.

दादांपुढे हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "बैलाला खोड असते आणि बैलात दोष असतो. खोड सांभाळून घ्यायची, दोष असला तर दावणीला बांधायचा नाही." बाजारात दादा बैलाचे दात मोजतात, त्याला चालवून पाहतात, मगच व्यवहार करतात. मी मात्र खोके तसेच उचलून आणले होते.

मग वाचू लागलो. विकणारा एक जीबी म्हणजे एक अब्ज बाइट धरतो, यंत्र १०२४ च्या पटीत मोजते. ५१२ अब्जांना १,०७,३७,४१,८२४ ने भागले की ४७६ च्या वर थोडे येतात. एक बाइटही कोणी चोरला नव्हता! पंखा घुरघुरतो तो आतला भाग तापला की त्याला गार करण्यासाठी. पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके आहेत आणि प्रत्येकात तीन रंगांचे कण. त्यांतला एक हिरवा कण कायम पेटून राहिला आहे. असे मोजके ठिपके २००१ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकानेही चालवून घेतले होते. आजही ठरावीक संख्येच्या आत ते असतील तर अनेक कंपन्या पडदा बदलून देत नाहीत. या झाल्या खोडी.

बिजागरी मात्र दोष निघाली. दुकानदार म्हणाला, "असंच असतं." पूर्वीचा मी मान खाली घालून परतलो असतो. यावेळी पावती आणि हमीपत्र पुढे ठेवून लेखी तक्रार दिली. आठवड्यात बिजागरी विनामूल्य बदलून मिळाली.

ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्याच दिली आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ती मला ठाऊक नव्हती, याची खंत वाटते. चौथीत शाळा सोडलेले दादा व्यापाऱ्यासमोर बैलाचे तोंड उघडतात आणि कॉलेजात शिकणारा मुलगा दुकानात प्रश्न विचारायला बिचकतो! मग आपण शिकलो ते काय? माझ्या मते चिंता वाईट नाही. ती रात्रभर उराशी धरून ठेवणे वाईट. तिचा प्रश्न करावा, आणि तो योग्य माणसाला, योग्य वेळी, न लाजता विचारावा.

निबंध उशिरा का होईना, दिला. हिरवा ठिपका अजून कोपऱ्यात आहे. हा लेख लिहिताना दोनदा नजर तिकडे गेली, हे कबूल करतो. पण आता ती तिथे थांबत नाही.