पेत्राचा प्रश्न, जब्दीची होडी

येशूच्या शिष्यांत सगळ्यांत रोखठोक प्रश्न विचारला तो पेत्राने. मालमत्ता सोडवेना म्हणून एक श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा पेत्र पुढे झाला. आम्ही तर सगळे सोडून तुमच्यामागे आलो, मग आमच्या पदरात काय पडणार, असे त्याने विचारले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशूने त्याला झिडकारले नाही. घरदार, शेतवाडी, आईबाप सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, असे उत्तर दिले. ख्रिस्ताच्या मागे जाताना जे गमवावे लागते ते सार्थकी लागते का, ही शंका कोणा टीकाकाराने बाहेरून आणलेली नाही. अगदी पहिल्या शिष्यांपैकी एकाने ती समोरासमोर विचारली होती, आणि तो व्यवसायाने मच्छीमार होता.

मच्छीमाराने जाळे सोडणे म्हणजे काय, हे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर समजावून सांगावे लागत नाही. रापणीचे जाळे एकट्याने ओढता येत नाही. दोन्ही दोरांवर माणसे लागतात, आणि एक जण उठून गेला तर त्याचा भार उरलेल्यांच्या हातांवर येतो. वाटणीच्या वेळी त्याच्या घरचा वाटाही कमी होतो. मार्कने पहिल्याच अध्यायात एक बारीक नोंद करून ठेवली आहे. याकोब आणि योहान येशूमागे निघाले तेव्हा त्यांचा बाप जब्दी मजुरांबरोबर होडीतच राहिला. त्याच अध्यायात पुढे पेत्राची सासू तापाने फणफणून पडलेली दिसते. सासू होती म्हणजे बायकोही होती. सगळे सोडून जाण्याआधी तिला कोणी विचारले का, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रावरून एवढेच कळते की पुढे पेत्र तिला बरोबर घेऊन फिरत असे.

ख्रिस्ती त्यागाची चर्चा मात्र नेहमी पेत्राभोवतीच फिरते. जब्दी आणि ती बाई त्यात कुठे नसतात. त्यांना हिशेबात घेतल्याशिवाय पेत्राच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळत नाही, असे या सदराचे म्हणणे आहे.

सावंतवाडीत हा विषय परका नाही. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढून सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला आणि बिशपांचे आसन सावंतवाडीत आले. इथल्या बहुतेक कॅथलिक कुटुंबांना श्रद्धा वाडवडिलांकडून, घराबरोबर मिळाली; तिच्यासाठी त्यांना जातीबाहेर पडावे लागले नाही. मिलाग्रिस शाळेत सगळ्या धर्मांची मुले शिकून बाहेर पडली. शिष्यत्वाची किंमत हा शब्दप्रयोग इथे प्रवचनात ऐकू येतो तो बहुधा संतांच्या संदर्भात, आणि त्यात सगळ्यांत जवळचा संत म्हणजे गोव्यातल्या बाणावलीचा जुझे वाझ.

१६५१ साली जन्मलेला हा कोकणी बोलणारा पाद्री १६८७ मध्ये श्रीलंकेत उतरला. डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी घातली होती, म्हणून तो मजुराच्या वेशात गेला. कँडीच्या राजाने हेर समजून त्याला कैदेत टाकले. १६९७ मध्ये देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा हा माणूस त्यांच्यापाशी थांबला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्याने देह ठेवला; चोवीस वर्षांत तो एकदाही गोव्याला परतला नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केले. हे सगळे मोठेच आहे. पण श्रीलंकेला तो एकटा गेला नव्हता. जॉन नावाचा सेवक त्याच्याबरोबर होता. समुद्र त्यानेही ओलांडला, जीव त्यानेही धोक्यात घातला. त्याच्या वाट्याला चरित्रांतल्या मोजक्या ओळी आल्या.

जॉनने काय विचार केला हे कळायला मार्ग नाही. मराठीत मात्र एक जागा अशी आहे, जिथे होडीत मागे राहिलेले माणूस स्वतः बोलते. ती जागा म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

त्यांचे पती नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले. दापोली तालुक्यातल्या करजगावात १८६१ साली त्यांचा जन्म झाला. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. पर्वतावरील प्रवचनाने ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा अभ्यासक, नावाजलेला कवी. त्या काळी अशा माणसाने जात सोडणे म्हणजे जिवंतपणी घरच्यांना मरणे. टिळकांनी हे पुरते जाणून केले. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असा दृष्टान्त आहे. तो टिळकांनी स्वतःपुरता पाळला.

स्वतःपुरता. अडचण तिथेच आहे. लक्ष्मीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहानगा दत्तू. नवरा हयात असून घर गेले. पुढची चार-पाच वर्षे जलालपूर, नाशिक, पंढरपूर अशी नातेवाइकांच्या आधाराने काढावी लागली. ख्रिस्ताशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते आणि तरी त्याच्या नावाने सगळ्यांत जड ओझे त्यांच्या डोक्यावर आले. टिळकांच्या बाप्तिस्म्याला धाडस म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही वर्षे वाचावीत. त्या धाडसाचा खर्च एका बाईने भरला, आणि तिची संमती कोणी घेतली नव्हती.

यावरून टिळकांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तेही पुरेसे नाही, कारण गोष्ट तिथे संपत नाही. लक्ष्मीबाई अखेर नगरला नवऱ्याकडे आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांनी आपले सोवळेओवळे पाळले आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. मग एके दिवशी, कोणाच्या उपदेशाविना, त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की हे जातिभेद देवाने केले की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९५ मध्ये त्यांच्यावर जे लादले गेले होते, ते पाच वर्षांनी त्यांनी आपल्या पायांनी चालत जाऊन, आपल्या अटींवर घेतले. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईने आत्मचरित्र लिहिले, आणि त्यात नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर पांघरूण घातले नाही की त्याच्यावरचे प्रेमही लपवले नाही.

टिळकही एकदा सोडून थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. जातीची सुरक्षितता पहिल्यांदा सोडली होती, आता मिशनच्या पगाराची. ९ मे १९१९ रोजी ते गेले. या दुसऱ्या त्यागाबद्दल फारसे बोलले जात नाही, पण पहिल्यावर विश्वास ठेवावासा वाटतो तो दुसऱ्यामुळे. धर्मांतर करणाऱ्याला मिशनचा पैसा हवा असतो, हा आरोप तेव्हाही होता, आजही आहे. टिळकांनी तो शब्दांनी नव्हे, राजीनाम्याने खोडला.

मागे राहिलेल्यांना बोलायला जागा मिळाली नाही की काय होते, याचे उदाहरण अर्धशतकाआधीचे आहे. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो अल्पवयीन होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला गेला. आता त्याला जातीत घ्यायचे की नाही, यावर सनातन्यांनी रान उठवले. त्या पोराच्या बाजूने उभे राहिले ते याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. प्रायश्चित्त देऊन त्याला घरात घ्यावे म्हणून ते झटले आणि त्यासाठी बहिष्काराच्या धमक्या सोसल्या. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभारून दलितांत मोठे काम केले. त्यांच्या त्यागाचे मोल कमी होत नाही. पण श्रीपतला एका बाजूने मिशनने ओढले, दुसऱ्या बाजूने जातीने लोटले, आणि या ओढाताणीत माणूस म्हणून त्याचा विचार केला तो ख्रिस्ती नसलेल्या जांभेकरांनी. हे ख्रिस्ती वाचकांनीही मोकळ्या मनाने मान्य करावे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तर किंमत इतकी भयंकर आहे की लिहितानाही हात थबकतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे गेल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या मनात धर्मांतराची धास्ती बसली आणि त्यांनी तिथेच आत्महत्या केली. त्याच वर्षी रमाबाईंनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मुंबईत १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवर पुढे पुण्यात वादळ उठले, आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. तरी रमाबाई मिशनच्या आज्ञाधारक लेक झाल्या नाहीत. ख्रिस्त स्वीकारला, म्हणून इंग्लिश चर्चची प्रत्येक आज्ञा स्वीकारली असे होत नाही, हे त्यांनी वाँटेजच्या भगिनींना पत्रांतून ठणकावले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजाराहून अधिक जणी राहू लागल्या. छापखाना, विणकाम, शेती, सगळे त्याच करत. मनोरमा आईचा उजवा हात झाली आणि १९२१ मध्ये आईआधीच गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या.

केडगावच्या त्या मुलींना विचारले असते, तर रमाबाईंनी सोडलेले सगळे सार्थकी लागले असे त्या म्हणाल्या असत्या. आनंदीबाई भगत यांच्या घरच्यांना विचारले असते, तर ते हो म्हणाले नसते. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि एकाने दुसरे पुसले जात नाही.

वेंगुर्ल्यापुरता हिशेब जरा सुखाचा आहे. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. रॉबर्ट गोहीन आणि त्यांच्या पत्नी या गावी आले. सेंट ल्यूक्स हॉस्पिटलचे नाव अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट वेंगुर्ल्यातच १५ ऑगस्ट १९१९ ला जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. आईबापांच्या निवडीने त्या मुलाचे बालपण हिरावले नाही.

आज सर्वांत जास्त किंमत कोण भरते? पाद्री नव्हे, परदेशी मिशनरीही नव्हे. नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यात ज्या महार-मांग कुटुंबांच्या पूर्वजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, त्यांची पणतवंडे ती भरत आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. धर्म बदलला तरी गाव त्यांची जात विसरले नाही. चर्चमध्येही ती पुरती विसरली गेली नाही, आणि ही चर्चची लाज आहे. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून सोडवावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला.

पणजोबांनी स्वेच्छेने काही सोडले असेल, तर तो त्यांचा हक्क होता. राज्यसंस्थेने त्याचा दंड पणतीकडून वसूल करावा, हे कोणत्याही धर्माच्या न्यायात बसत नाही. मिश्र आयोगाची शिफारस मान्य करून टाकावी. तिच्यासाठी कोणी ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

आणि एक काम इथल्या धर्मप्रांतानेही अंगावर घ्यावे. सिंधुदुर्गातल्या घराघरांतून मुलगे नोकरीसाठी मुंबईला, आखाताला, बोटीवर गेलेले आहेत. अशाच घरांतला एखादा मुलगा सेमिनरीत जातो, एखादी मुलगी सिस्टर होते, तेव्हा गावात फेस्त साजरे होते, फोटो निघतात. पुढे आईबाप थकतात, तेव्हा नळाचे बिल, डॉक्टर, पावसाआधी कौले परतणे या गोष्टी कोण बघते? निवड मुलाची होती. त्याच्या पाठीशी उभे राहून तिचा अभिमान मिरवणाऱ्या चर्चने अशा प्रत्येक घराची जबाबदारी पॅरिशकडे लेखी सोपवावी, आणि मुलगा सेमिनरीत पाऊल टाकण्याआधी त्याच्या आईबापांना बोलावून, त्यांच्याच तोंडून, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.