विश्लेषण : ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ कोण करते? फोनमधल्या मराठी ‘ऱ’ची गोष्ट...

बातम्यांची संकेतस्थळे, परिपत्रके, मोबाइलवर येणारे संदेश, व्हॉट्सॲपवर फिरणारे लेख... ‘शेतकर्यांना’, ‘कर्मचार्यांना’, ‘दुसर्या’ असे शब्द यांत रोज दिसतात. वाचणारा मनातल्या मनात टाइप करणाऱ्याच्या शुद्धलेखनाला नावे ठेवून पुढे जातो. पण पुष्कळदा लिहिणाऱ्याने शब्द बरोबरच लिहिलेला असतो. तो वाटेत बिघडतो. हे कसे होते, याचे उत्तर भारतीय लिप्यांसाठी चार दशकांपूर्वी सुरू झालेल्या प्रयत्नांत, तमिळच्या एका अक्षरात आणि इमोजीमध्येही वापरल्या जाणाऱ्या एका अदृश्य खुणेत आहे.

एवढ्याशा खुणेने काय फरक पडतो?

‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात पैसे गुरुजींकडे गेले, दुसऱ्यात स्वयंपाकघरात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. उच्चारातही फरक आहे. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. म्हणून ‘दर्या’तला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, तर ‘दऱ्या’तला अर्धा र आडव्या, वळणदार रेघेसारखा पुढच्या अक्षराला जोडला जातो. इंग्रजीत त्याला ‘आयलॅश र’, म्हणजे पापणीसारखा र, म्हणतात.

ही खूण ‘य’ आणि ‘ह’ यांच्याआधी येते. कऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, तऱ्हा ही ‘ह’ची उदाहरणे (‘अर्हता’मध्ये मात्र रफारच). खरी गर्दी आहे ती ‘य’ची. मराठीत ‘री’ने संपणाऱ्या नामाचे सामान्यरूप झाले की बहुधा हा र हजर होतो : शेतकरी – शेतकऱ्याला, कर्मचारी – कर्मचाऱ्यांचे, अधिकारी – अधिकाऱ्यांनी, व्यापारी, वारकरी, गावकरी, मानकरी. शिवाय खरा – खऱ्या, दुसरा – दुसऱ्या, बरेच – बऱ्याच. महाराष्ट्राचा सार्वजनिक व्यवहार ज्यांच्याभोवती फिरतो ती जवळजवळ सगळी माणसे मराठी वाक्यात या खुणेशिवाय उभी राहू शकत नाहीत. ती कोपऱ्यातली, दुर्मीळ खूण नाही.

हिंदीत ही अडचण का नाही?

कारण हिंदीत हा र लागतच नाही. तिथे ‘कर्मचारी’चे ‘कर्मचारियों’ होते. मधला ‘रि’ शाबूत राहतो. लिपी एकच, पण गरज वेगळी. नेपाळीत मात्र तो भरपूर आहे (‘केले’ या अर्थाचे ‘गऱ्यो’), नेवारीत आहे, कोकणीतही आहे. त्यामुळे देवनागरीची सोय करताना ज्याने फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवली, त्याला ही उणीव जाणवण्याचे कारणच नव्हते. मोबाइल फोनसाठीच्या भारतीय मानकातही, जे पाळणे केंद्र सरकारने २०१६च्या अधिसूचनेने उत्पादकांना बंधनकारक केले, वाचण्याची सोय सर्व २२ अनुसूचित भाषांची सांगितली आहे. टाइप करण्याची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेची.

तमिळ अक्षराच्या जागेत मराठी र कसा आला?

छापखान्यात हा प्रश्न खिळ्याने सुटत होता. आकार वेगळा, म्हणून खिळा वेगळा. संगणक आल्यावर सुरुवातीची वर्षे प्रत्येक फॉन्टची स्वतःची व्यवस्था होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, आणि एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अगम्य चिन्हांची रांग! श्रीलिपी, आकृती, शिवाजी या नावांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे आठवत असेल.

त्यावर उपाय म्हणून भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक तयार झाले. १९९१मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारले. त्यामागची कल्पना हुशारीची होती : ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला साधारण एकच, तेव्हा सर्वांसाठी एकच तक्ता करायचा. म्हणजे ‘क’चा क्रमांक देवनागरीत, बंगालीत, तेलुगूत एकच. मग तमिळ आणि मल्याळममध्ये जे जास्तीचे वर्ण आहेत, त्यांनाही तक्त्यात जागा हवी आणि त्यांच्या समोर देवनागरीत काही तरी हवे. त्यासाठी टिंब दिलेली अक्षरे ठरली. त्यातले एक ‘ऱ’ : तमिळ ‘ற’ आणि मल्याळम ‘റ’ यांचा देवनागरी जोडीदार.

मराठीला हा टिंबवाला पूर्ण ‘ऱ’ कधीच नको होता. पण त्याचा पाय मोडला की काय दिसावे, ही जागा मोकळी होती. तिथे मराठीचा पापणीसारखा र बसवला गेला. म्हणजे तुम्ही फोनवर ‘शेतकऱ्यांना’ लिहिता तेव्हा आत दक्षिणेतला एक वर्ण, पाय मोडण्याची खूण आणि ‘य’ असे साठवले जाते, आणि पडद्यावर मराठी आकार उमटतो. जुगाड म्हणा, पण चाळीस-पन्नास किलोमीटरचा वळसा घालून का होईना, गाडी गावात पोहोचवणारा जुगाड.

मग दुसरी पद्धत कुठून आली?

जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोडने देवनागरीचा तक्ता ‘इस्की’च्या १९८८च्या आराखड्यावरून घेतला. त्यात ‘र’चा क्रमांक ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१. पण युनिकोडच्या २.० आवृत्तीत या आकारासाठी वेगळाच मार्ग होता : साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यानंतर ‘शून्य रुंदीचा जोडक’. हा जोडक म्हणजे जागा न घेणारे, डोळ्यांना न दिसणारे चिन्ह. शेजारची अक्षरे जोडून दाखवा, एवढीच सूचना ते देते. पुढे इमोजींनाही तेच उपयोगी पडले. आई, वडील आणि मुले यांचे एकत्र कुटुंब दाखवणारा इमोजी म्हणजे सुटी माणसे या अदृश्य जोडकाने बांधलेली असतात.

युनिकोडने नंतर ‘इस्की’ची पद्धतही मान्य केली आणि जुनी पद्धत सुसंगतीसाठी ठेवून दिली. परिणाम असा की ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पडद्यावर अगदी हुबेहूब दिसेल अशा दोन रीतींनी लिहिता येतो. एकात ११ चिन्हे, दुसऱ्यात १२. (‘र’ आणि टिंब वेगवेगळे लिहिण्याची तिसरी रीतही आहे, पण ती आणि ‘ऱ’ एकच समजावेत असा युनिकोडचाच नियम असल्याने तिचा त्रास कमी.) आधीच्या दोन रीती मात्र यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत.

बिघाड नेमका कुठे होतो?

अदृश्य गोष्टीची कुणाला पर्वा नसते. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे टाकताना अनेक संगणकीय प्रणाली ‘अनावश्यक’ चिन्हे साफ करतात. त्यात हा जोडक उडाला की ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि ‘य’ एवढेच उरते. आणि त्याचा अर्थ सरळ रफार! ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’. लिहिणाऱ्याने आपल्या पडद्यावर शब्द तपासलेला असतो, तो बरोबरही दिसलेला असतो. आपण हसतो त्यातल्या बऱ्याच चुका अशा आहेत. सगळ्या नाहीत. रोमन लिपीतून मराठी टाइप करणाऱ्याने दोन्ही शब्दांसाठी ‘डी-ए-आर-वाय-ए’ हीच अक्षरे दाबलेली असतात आणि समोर आलेला पहिला पर्याय न बघता स्वीकारलेला असतो.

रफार निदान दिसतो तरी. त्याहून अडचणीचा प्रकार न दिसणारा आहे. समजा, एखाद्या यादीत ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव जोडक वापरून भरले आहे आणि शोधणारा ‘ऱ’ वापरून शोधतो आहे. यादी साधी, अक्षराला अक्षर ताडून पाहणारी असेल तर उत्तर येईल : नोंद नाही. समोरच्या कागदावर नाव दिसते आहे, आडनावात काना-मात्रेचा फरक नाही आणि तरीही यंत्र नाही म्हणते. वऱ्हाडे, कऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांच्या माणसांना आणि कऱ्हाडसारख्या गावांना हा धोका आहे. पाटील आणि जोशींना नाही. सातबारा, मतदारयादी, लाभार्थींच्या याद्या असे सगळे मराठीतून पडद्यावर येत असताना हा प्रश्न फक्त भाषाप्रेमींचा उरत नाही.

युनिकोड दोन्ही रीती एक का करत नाही?

करू शकत नाही. कोणती चिन्हे परस्परांशी समान मानायची हे एकदा ठरले की ते बदलायचे नाही, असे युनिकोडचे धोरण आहे. ते योग्यही आहे. नाही तर जगभरातला साठवलेला मजकूर दर आवृत्तीला हलेल. म्हणजे दुरुस्ती वापरणाऱ्यांच्या बाजूने व्हायला हवी : शोध घेताना दोन्ही रूपे एक मानणे आणि नवा मजकूर एकाच रीतीने साठवणे.

ती रीत ‘ऱ’चीच असावी, याला भक्कम आधार आहे. इंटरनेटच्या पत्त्यांत सर्वात वरच्या पातळीवर देवनागरी नावे कशी असावीत याचे नियम करताना अदृश्य जोडकाला मज्जाव झाला. या आकारासाठी ‘ऱ’ ठेवण्यात आला, तोही पाय मोडलेला असेल तरच. जिथे संदिग्धता मुळीच चालत नाही, तिथे हा निवाडा झालेला आहे. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ आणि १९७२चे. अक्षर कागदावर कसे दिसावे हे ते सांगतात. आत कोणता क्रमांक असावा, हा प्रश्न तेव्हा नव्हताच. आता आहे, आणि मराठीत कारभार करणाऱ्या सरकारने त्यावर एका पानाचे परिपत्रक काढणे अवघड नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्यानंतरच्या समारंभांच्या खर्चात हे काम सहज बसेल.

तुमचा फोन कोणती रीत वापरतो?

इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ येतो, मग ‘डी’ने पाय मोडायचा आणि ‘य’. फोनवरच्या कळफलकांची तऱ्हा निरनिराळी. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ‘दऱ्या’ टाइप करा आणि शेवटापासून एकेक चिन्ह खोडत या. काना जाईल, ‘य’ जाईल, पाय मोडण्याची खूण जाईल. मागे उरलेल्या अक्षराखाली टिंब दिसले, तर तुमचा फोन ‘ऱ’ वापरतो. नुसता ‘र’ उरला, तर मधे जोडक होता.