यादीबाहेरचे रुग्णालय

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील दाणाबाजारात, गाळ्यातील गादीवर बसलेल्या शेठजींच्या छातीत कळ आली, तर मेहताजी त्यांना जवळच्या रुग्णालयात नेतात. विमा कंपनीची यादी कोणी चाळत नाही, आणि ते योग्यच होय. हिशेब नंतर सुरू होतो. यादीतील रुग्णालयाशी कंपनीचा दरांचा करार असतो, बाहेरच्याशी नसतो. मग डॉक्टरांच्या बिलातील रक्कम 'वाजवी व प्रचलित दरापेक्षा अधिक' म्हणून कापली जाते आणि फरक कुटुंबावर पडतो. अमेरिकेत २०२२ पासून तातडीच्या अशा बिलाचा वाद डॉक्टर व विमा कंपनी लवादापुढे नेतात; रुग्ण त्यातून वगळलेला असतो. आपल्याकडे भांडावे लागते ते विमाधारकालाच.

जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलच्या योजनेनुसार यादीबाहेरही कॅशलेस उपचार मिळू शकतात. मात्र तातडीच्या प्रसंगी भरती झाल्यापासून ४८ तासांत कंपनीस कळवावे लागते. पॉलिसी बहुधा घरच्या कपाटात असते, तिचा क्रमांक मेहताजींना ठाऊक नसतो, आणि मुदत निघून जाते.

पोत्यामागे किलोभर तूट आली तरी जाब विचारणारे व्यापारी ही कपात मात्र मुकाट्याने खर्ची टाकतात. वास्तविक कपातीचे कारण लेखी मागता येते. कंपनीने तक्रारीस महिनाभरात उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.