हौस जुन्या गाडीची

प्रश्न : माझ्या पतींना २०१७ सालची, लाखभर किलोमीटर धावलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घ्यायची आहे. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे त्यासाठी मोडावेत का?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : मुळीच नाही. २३० अश्वशक्तीच्या या टर्बो गाडीची किंमत वयानुसार उतरते, सुट्या भागांची नाही. गाडी घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे ती सांभाळणे. तिच्या डीएसजी गिअरबॉक्सचे तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. त्याची पावती मागा. इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. निळा धूर निघाला तर सरळ परत फिरा. दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढता येत असेल, तरच पतींनी ही हौस करावी. मुलीच्या पैशांना हात लावू नये.